जो वर चढतो त्याच्या खिशात

ट्यूबलाइट तिसऱ्यांदा फडफडून विझली, तेव्हा मी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'आबा' लिहून खडूचे हात झाडत होते. खालच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा नुकताच सुरू झाला होता. तो सुरू झाला की आमच्या वर्गाची फरशी थरथरायची आणि दिव्यांना हुडहुडी भरायची.

"बसा बाई, मी बघतो," म्हणत इंगवलेकाका उठले.

दाराजवळच्या बोर्डातून त्यांनी फ्यूज उपसून काढला, शर्टाच्या खिशात टाकला, खिशाचं बटण लावलं आणि मग खुर्ची ओढून वर चढले. खिडकीतून उरलासुरला उजेड येत होता तेवढ्यात ते स्टार्टर चाचपू लागले. खाली उभी असलेली वर्गातली रेवती हात पुढे करून म्हणाली, "काका, फ्यूज माझ्याकडे द्या ना, मी धरते."

"न्हाई!"

ते इतक्या जोरात म्हणाले की तिने हात मागेच घेतला. काकांचं काकांनाच जास्त झाल्यासारखं वाटलं असावं. ते हळू आवाजात म्हणाले, "जो वर चढतो त्याच्याच खिशात. दुसऱ्याच्या हातात द्यायचा न्हाई, पोरी. कोण कितीबी जवळचा असू दे."

दिवा लागला. स्टार्टर फिरवायला कोणी फ्यूज काढत नाही, म्हणून मुलं जरा हसली. मीही हसले आणि पुन्हा फळ्याकडे वळले. या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली, पण ते खिशाचं बटण लावणं मला काल पाहिल्यासारखं आठवतं.

त्या वर्षी मी दमले होते. अकरा वर्षं मी पुण्यात त्याच खोलीत स्पॅनिश शिकवत होते आणि अकरा वर्षं दर फेब्रुवारीत हाच धडा यायचा. स्पॅनिशमध्ये एक भूतकाळ असा आहे की जो एकदा घडून गेलेल्या गोष्टीसाठी नसतो, नेहमी घडायच्या त्या गोष्टीसाठी असतो. आपण मराठीत म्हणतो ना, तो गायचा, आम्ही नदीवर जायचो, आई वाट बघायची, तसा. शिकायला सगळ्यात सोपा. तीन क्रियापदं फटकून वागतात, बाकीची सगळी नियमाने चालतात. एका गटाच्या शेवटी 'आबा' येतो, उरलेल्यांच्या शेवटी 'ईआ'. मी दर वर्षी म्हणायचे, "जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगायच्या तर आबाच हवेत," आणि दर वर्षी वर्ग हसायचा. त्या वर्षी हसू ऐकूनही मला कंटाळा आला. ही बॅच संपली की क्लास बंद करायचा, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. घरी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

वह्या तपासायची माझी एक पद्धत होती. मी वाक्यं वाचायचे नाही. लाल पेन घेऊन फक्त क्रियापदांच्या शेपट्या बघायचे. शेपूट बरोबर असली की खूण करायची आणि पुढे जायचं. सात वह्या वीस मिनिटांत हातावेगळ्या व्हायच्या. त्यात वाचण्यासारखं तरी काय असणार? लहानपणी आम्ही क्रिकेट खेळायचो. आजी लाडू करायची. अकरा वर्षांत मी शेकडो आज्यांचे लाडू तपासले होते.

इंगवलेकाका मात्र वेगळ्या कारणाने आले होते. वर्गातली बाकीची मुलं कंपन्यांमध्ये नोकरी मिळावी म्हणून यायची. काका वाळव्याकडचे, साखर कारखान्यांची यंत्रं उभारण्यात सारी हयात घालवलेले, निवृत्तीनंतर मुलाकडे पुण्यात राहायला आलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी खिशातून पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं होतं.

"एक्याऐंशी साली मेक्सिकोत होतो. दोन हंगाम. आमच्या कंपनीनं साखर कारखान्यात उसाची गिरण उभी करायला चौघांना धाडलं होतं. तिथं फिदेन्सियो म्हणून फिटर होता माझ्या हाताखाली. वारला तो तिथंच. आता त्याच्या पोरीनं पत्र धाडलंय."

"काय म्हणते?"

"बाप वारला तवा दोन वर्षांची होती. विचारती, माझा बाप कसा होता?" त्यांनी पाकीट पुन्हा खिशात ठेवलं. "सुनेनं कॉम्प्युटरवर घालून इंग्रजीत काढून दिलं. पण उत्तर कॉम्प्युटरवर नको वाटतंय. आपल्या हातानं लिवावं."

"तुम्हाला स्पॅनिश येतं थोडं?"

"येतं की. ओढ, थांब, वर चढ, खाली उतर, हळू, हात काढ." त्यांनी धडाधड सहा शब्द स्पॅनिशमध्ये म्हणून दाखवले. उच्चार माझ्यापेक्षा खणखणीत होते. "हुकूम सोडायला येतात. गोष्ट सांगायला न्हाई येत."

मला त्यांचं कौतुक वाटलं होतं, नाही असं नाही. पण ते पहिल्या दिवसापुरतं. नंतर ते माझ्या सात वह्यांतली एक वही झाले.

त्या धड्याच्या आठवड्यात मी प्रत्येकाला आपापल्या आवडीची दहा क्रियापदं आणायला सांगितली. मुलांनी नाचणे, फिरणे, विकत घेणे आणलं. काकांनी आणलं ते असं: दुरुस्त करणे, ओढणे, गाणे, शीळ घालणे, खाणे, हसणे, देणे, ठेवणे, वाट बघणे. दहाव्याला त्यांनी विचारलं, "भरवसा ठेवणे, हे हाय का तुमच्यात?"

"आहे. कॉन्फियार. नियमितच आहे, सरळ चालतं."

"चालवा मग."

मी चालवलं. मी भरवसा ठेवायचो, तू ठेवायचास, तो ठेवायचा: कॉन्फियाबा. काका वहीत मान खाली घालून दोन पानं भरून तोच शब्द लिहीत बसले. खालून गिरणीचा आवाज येत होता. "त्याचं बेअरिंग जाणार बगा हप्त्याभरात," ते मधेच म्हणाले, आणि खरंच पुढच्या मंगळवारी गिरणी बंद पडली.

त्यांची एक खोड होती. प्रत्येक वाक्यात ते 'यो' लिहायचे, म्हणजे 'मी'. स्पॅनिशमध्ये त्याची गरज नसते, क्रियापदाच्या शेपटीवरूनच कळतं कोण ते. मी प्रत्येक 'यो'वर लाल रेघ मारायचे. "काका, मी मी करायची गरज नाही हो या भाषेत." ते म्हणायचे, "मग बरीच सोय हाय की."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी पत्र लिहून आणलं. दीड पान. अक्षर गोल, एकसारखं. वर्ग सुटला होता, मला घरी जाऊन कुकर लावायचा होता. मी उभ्याउभ्याच पेन चालवलं. बावीस क्रियापदं, एक चूक. दोन 'यो' कापले.

"छान झालंय. टाका पोस्टात."

काका उभेच राहिले. "सगळं वाचलंत न्हवं?"

"वाचलं की."

ते माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिले. मला वाटलं, आणखी स्तुती हवी असेल. मी पर्स खांद्याला लावत म्हटलं, "सोमवारपासून पुढचा भूतकाळ घेते. एकदाच घडलेल्या गोष्टींचा. तो जरा किचकट आहे, पण तुम्हाला जड नाही जाणार."

"त्यो नको बाई."

"का?"

"माझं काम एवढ्यातच झालं. बास." पत्राची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं, आणि सोमवारपासून ते आले नाहीत. बॅचमध्ये सहा वह्या राहिल्या. खरं सांगायचं तर मला तेवढंच हलकं वाटलं.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी साडेसातच्या सुमाराला घराची बेल वाजली. दारात इंगवलेकाका. सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली, घामाने अंग भिजलेलं, पायात वेगवेगळ्या जोडांच्या चपला. आत या म्हटलं तरी येईनात. उंबऱ्यातच त्यांनी पत्र पुढे केलं.

"सून माहेरी गेलीय. मला अर्धंच लागलं. पण लागलं ते बरोबर हाय का सांगा. लवकर सांगा."

मी वाचायला लागले. मुलीचं नाव मार्सेलीना. तिने लिहिलं होतं: तुमचं पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं, तिने ते उशाशी ठेवलं आहे. मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं की मीही त्याच कारखान्यात फिटर आहे आणि इथे सगळे मला निष्काळजी माणसाची मुलगी म्हणतात, कारण कारखान्याच्या कागदावर तसंच लिहिलं आहे की वडील फ्यूज न काढताच यंत्रात उतरले. आता तुमच्या पत्राची प्रत मी फ्यूजच्या बोर्डाशेजारी चिकटवली आहे. आता कोणी काही बोलत नाही. आणि तुम्ही लिहिलंत तसंच मीही आता करते. पट्ट्याखाली उतरायच्या आधी तिन्ही फ्यूज काढते आणि सुपरवायझरच्या हातात देते, जसे बाबा तुमच्या हातात द्यायचे. आधी तो हसला, आता आपणहून हात पुढे करतो. तेव्हा मला बाबा जवळ असल्यासारखं वाटतं.

मी मान वर केली. मला अजून काही कळलं नव्हतं.

"बरोबर हाय न्हवं? हातात देती म्हणती?"

"हो. तुम्हीच लिहिलंत ना तसं?"

काकांनी दुसरा कागद काढला. त्यांच्या पत्राची कच्ची प्रत होती ती, माझ्या लाल खुणांची. बोट ठेवून त्यांनी ओळ दाखवली. तो नेहमी उतरायच्या आधी फ्यूज माझ्या हातात द्यायचा. मी ते सांभाळून ठेवायचो. दोन्ही क्रियापदांच्या शेपट्यांवर माझ्या बरोबरच्या खुणा होत्या, ठसठशीत.

ते वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. आणि ट्यूबलाइट आठवली.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही तर म्हणाला होता, जो चढतो त्याच्याच खिशात."

ते उंबऱ्यावरच बसले. मीही समोर फरशीवर बसले.

"नियम त्योच हाय. साऱ्या जगात त्योच. पर तिकडं उकाडा लई. फिदेन्सियो नुसत्या बनियनवर असायचा, बनियनला खिसा कुठला. चिपाडाच्या पट्ट्यात दिसातनं दहादा उतराय लागायचं. पहिल्या दिवशी त्यानं फ्यूज माझ्या हातावर ठिवलं आणि हसला. मी काय बोललो न्हाई. माझा हुकूम होता तिथं, न्हाई म्हणायचं काम माझं होतं. मग तेच वळण पडलं. दोन हंगाम."

"आणि?"

"एका दुपारी पाळी बदलायची वेळ झाली. भूक लागली होती. तो खाली होता. मी फ्यूज टेबलावर ठिवलं आणि जेवाय गेलो. नव्या पाळीचा माणूस आला, त्याला टेबलावर फ्यूज दिसलं, त्यानं लावून टाकलं. त्याची काय चूक? पट्टा सुरू झाल्याचा आवाज आला तवा माझ्या हातात पहिला घास होता."

जिन्यावरून कोणीतरी दूध घेऊन वर गेलं. ते जाईपर्यंत काका थांबले.

"साहेबानं कागद केला, कामगारानं फ्यूज काढलंच न्हाईत म्हणून. मला इंग्रजीत समजावून सांगितलं. सही केली न्हाई तर हितंच राहशील म्हणाला. मी सही केली आणि चवथ्या दिवशी इमानात बसलो. कुणी हात धरून सही घेतली न्हाई, बाई."

"मग पत्रात ते..."

"ते लिवायला पुढचा धडा लागतो न्हवं?" ते कसंनुसं हसले. "मी म्हटलं, तो फ्यूज काढायचा, एवढं लिवलं की त्याच्यावरचा डाग गेला. पोरीचं काम झालं आणि माझंबी झाकून राहिलं. तुम्हाला दावलं ते त्याच्यासाठीच. वाटलं होतं, वाचून विचाराल, त्या दिवशी फ्यूज कुणाकडं होतं म्हणून. विचारलं असतं तर सांगितलं असतं. न्हाई विचारलंत, तर म्हटलं, बरं झालं."

मला तोंड वर करवेना. बावीस क्रियापदं मी तपासली होती.

"हे पत्र निघून अठरा दिस झालेत," काका उठत म्हणाले. "अठरा दिस ती फ्यूज दुसऱ्याच्या हातात देऊन उतरतीय. माझं वाचून."

पत्राच्या तळाशी शेजारच्या दुकानाचा टेलिफोन नंबर होता. आपल्या सकाळचे आठ म्हणजे तिकडे आदल्या दिवसाची रात्र. कोपऱ्यावरचा फोन बूथ नुकताच उघडत होता. काचेच्या त्या खोक्यात आम्ही दोघं दाटीवाटीने उभे राहिलो. मी नंबर लावला, दुकानदाराला सांगितलं, मार्सेलीनाला बोलवा, भारतातून फोन आहे. तो बोलवायला गेला.

"मी सांगते तिला सगळं," मी म्हटलं. "तुम्ही फक्त ऐका."

"न्हाई." काकांनी रिसीव्हर माझ्या हातातून घेतला. "तुम्ही शब्द द्या."

ती आली असावी, कारण काका एकदम ताठ उभे राहिले. नाव सांगितलं. आणि मग त्यांच्या तोंडून अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा, यंत्राच्या आवाजावर चढणारा आवाज आला. बूथवाला दचकून बघायला लागला.

"नो! फ्यूज नो दार! कुणाला नो दार! तुझा खिसा! तुझा खिसा!" दार म्हणजे देणे. सगळं मोडक्या स्पॅनिशमध्ये, तीन वेळा तेच. मग थांबून त्यांनी तिच्याकडून ते म्हणवून घेतलं. तिने म्हटलं असावं, कारण त्यांनी श्वास सोडला आणि कपाळ काचेला टेकलं.

मग त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवून मला विचारलं, "ठेवलं, एकदाच ठेवलं, कसं?"

"देहे."

"यो देहे," काका फोनमध्ये म्हणाले. टेबल हा शब्द त्यांना येत होता. "गेलो?"

"फुई."

"यो फुई." जेवायला, हे त्यांना येत होतं. "सही केली?"

"फिर्मे."

"यो फिर्मे." आणि मग, मला न विचारता, पुन्हा एकदा, "यो. यो."

एकाही 'यो'ला मी हात लावला नाही.

पलीकडून काहीच येत नव्हतं. काका रिसीव्हर कानाला घट्ट धरून उभे होते. बूथवाल्याने पंखा लावला, मग काय वाटलं कोण जाणे, बंद केला. मला वाटलं, तिने फोन ठेवला असेल. ठेवला असता तरी मी तिला दोष दिला नसता.

मग काकांच्या चेहऱ्यावरून कळलं की ती बोलते आहे. थोडंच बोलली. काका माझ्याकडे वळले.

"विचारती," ते म्हणाले, "बाबा तुमच्याच हातात का द्यायचे?"

मी शब्द द्यायला पुढे झाले. त्यांनी हातानेच मला थांबवलं. तो एक शब्द पत्रात कुठेच नव्हता, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. दोन पानं भरून घोटलेला, आणि पत्रात न लिहिलेला.

"कॉन्फियाबा," इंगवलेकाका फोनमध्ये म्हणाले. भरवसा ठेवायचा. शेपूट अगदी बरोबर होती. त्यांनी डोळे मिटले आणि वाक्य पुरं केलं.

माझ्यावर, म्हणाले.